मातीतले तांबडे औषध

(रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



आज मी तुमच्याशी मातीविषयी बोलणार आहे. तुम्ही मनात म्हणाल, "घ्या! आमचा जन्म मातीत गेला, आणि हे आम्हाला माती शिकवायला आले!" तुमचे म्हणणे खरे आहे. वाफसा आला की नाही, हे तुम्हाला मूठभर माती हातात घेताच कळते. त्यात मी तुम्हाला काय शिकवणार? पण मातीत काही रहिवासी असे आहेत की ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्यापैकी एकाने केलेल्या विषाची हकीकत मी सांगणार आहे. ते विष टाकून देण्यासारखे ठरले होते. पुढे त्याचेच औषध झाले, आणि औषधाहून मोठेही काही झाले. ते कसे, ते ऐका.

वास कोणाचा?

मृगाचा पहिला पाऊस पडतो. तापलेली जमीन भिजते. कसा छान वास सुटतो! घरातली म्हातारी माणसेसुद्धा ओसरीवर येऊन उभी राहतात. आपण म्हणतो, मातीचा वास आला. पण या वासात मोठा वाटा मातीतल्या एका जातीच्या जंतूंचा असतो. त्यांना शास्त्रज्ञ ॲक्टिनोमायसीट म्हणतात. नाव अवघड आहे. आपण त्यांना धागेजंतू म्हणू. कारण ते एकेकटे सुटे राहत नाहीत. सुताच्या बारीक धाग्यांसारखे ते वाढतात.

खताचा ढीग उकरताना आत राखेसारखे पांढुरके काही दिसते. ते तुम्ही पाहिले असेल. त्यात पुष्कळदा हेच जंतू असतात. पाला, काडीकचरा, शेण कुजवून त्याचे खत करण्याच्या कामात त्यांचा हात असतो. म्हणजे हे आपले बिनपगारी गडीच म्हणा ना!

चिमूटभर चांगल्या मातीत कोट्यवधी जंतू असतात. जागा थोडी, खाणे थोडे आणि खाणारे फार. तेथेही हद्दीवरून भांडणे होतात! काही धागेजंतू अंगातून एक प्रकारचा रस सोडतात. त्या रसाने आसपासच्या दुसऱ्या जंतूंची वाढ थांबते. अशा पदार्थाला प्रतिजैविक म्हणतात. डॉक्टर ज्याला अँटिबायोटिक म्हणतात, ते हेच.

शेतकी प्रयोगशाळेतला माणूस

आता आपण जरा लांब जाऊ. युरोपात युक्रेन नावाचा देश आहे. तेथली जमीन काळी आणि कसदार. पूर्वी तो मुलूख रशियाच्या बादशहाच्या ताब्यात होता. तेथल्या एका लहान गावात १८८८ साली सेलमन वाक्समन यांचा जन्म झाला. ते लहान असताना त्यांची धाकटी बहीण घटसर्पाने गेली. घटसर्पावरचे प्रतिविषाचे औषध तेव्हा निघालेले होते, पण ते त्या गावात वेळेवर मिळाले नाही. हे दुःख त्यांच्या मनात कायम राहिले.

१९१० साली ते अमेरिकेला गेले. न्यू जर्सी नावाच्या राज्यात त्यांच्या एका नातेवाइकाची शेती होती. तेथे ते राहिले. पुढे रटगर्स कॉलेजात शेतकीचे शिक्षण घेतले आणि तेथल्याच शेतकी प्रयोगशाळेत मातीतल्या जंतूंचा अभ्यास सुरू केला. वर्षांमागून वर्षे ते धागेजंतूच पाहत बसले. त्या वेळी कोणाला वाटले असेल, काय हा माणूस माती चिवडत बसतो!

१९३९ साली त्यांचे जुने विद्यार्थी रने द्युबो यांनी मातीतल्या एका जंतूपासून रोगजंतू मारणारा पदार्थ काढला. मग वाक्समन यांनी ठरवले, आपणही आपल्या जंतूंची अशी झडती घ्यायची.

बशीतले स्वच्छ वर्तुळ

झडती कशी घेत, ते सांगतो. समजायला सोपे आहे.

काचेची एक पसरट बशी घ्यायची. तिच्यावर झाकण असते. फालुद्यात घालतात ते चायना ग्रास तुम्हाला माहीत असेल. तसाच समुद्रातल्या शेवाळाचा घट्ट रस बशीत ओतायचा. त्यात जंतूंचे खाणे मिसळायचे. मग थोडी माती पाण्यात कालवून ते पाणी अगदी पातळ करायचे आणि त्याचे थेंब बशीत पसरायचे. काही दिवसांनी बशीत लहान लहान ठिपके उठतात. एकेक ठिपका म्हणजे जंतूंची एकेक वसाहत.

आता त्याच बशीत दुसरे जंतू पेरलेले असले, तर सगळी बशी गढूळ दिसते. पण एखाद्या ठिपक्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. तेथे दुसरा कोणी उगवलेला नसतो. मग समजायचे, हा ठिपका रस सोडतो आहे. याला धरा!

अशा रीतीने १९४० साली वाक्समन आणि त्यांचे विद्यार्थी बॉइड वुड्रफ यांना एक धागेजंतू सापडला. त्याच्यापासून त्यांनी तांबडा-केशरी पदार्थ काढला. त्याचे नाव ठेवले ॲक्टिनोमायसिन. धागेजंतूंपासून शुद्ध करून मिळालेले हे पहिले प्रतिजैविक. जंतू मारण्यात ते भारी होते. सगळ्यांना आनंद झाला.

पण तो आनंद टिकला नाही. जनावरांवर प्रयोग केला तेव्हा थोड्याशा मात्रेनेही ती मेली. जंतूही मरतो आणि रोगीही मरतो, असे औषध काय कामाचे?

तरी वाक्समन थांबले नाहीत. त्यांनी दुसरे जंतू तपासले. १९४३ साली त्यांचे विद्यार्थी अल्बर्ट शात्झ यांना भरपूर खत घातलेल्या मातीतून एक धागेजंतू मिळाला. त्याच्यापासून स्ट्रेप्टोमायसिन निघाले. क्षयाच्या जंतूला मारणारे आणि माणसाला देता येईल असे ते पहिले प्रतिजैविक. त्याआधी क्षय म्हणजे मरणाचे बोलावणेच होते. १९५२ साली वाक्समन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शात्झ यांना त्यात वाटा मिळाला नाही. आपले श्रेय मिळावे म्हणून ते १९५० सालीच कोर्टात गेले होते. त्यात तडजोड झाली, आणि या शोधात शात्झही भागीदार आहेत हे मान्य झाले. काम दोघांचे आणि नाव एकाचे, हे दुःख मोठ्या शास्त्रज्ञांच्या घरीही असते.

स्ट्रेप्टोमायसिनचा गाजावाजा जगभर झाला. पहिले तांबडे औषध मात्र बाजूला पडले.

बाळाच्या पोटातली गाठ

ते बाजूला पडले, पण कोणी ते ओतून दिले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

१९५२ साली जर्मनीतून बातमी आली. ॲक्टिनोमायसिनच्या जातीचे एक औषध कर्करोगाच्या गाठीवर चालते, असे तेथल्या संशोधकांना दिसले होते. कर्करोग म्हणजे आपण ज्याला कॅन्सर म्हणतो तो. मग अमेरिकेतही पुन्हा तपासणी सुरू झाली. ॲक्टिनोमायसिनचे अनेक प्रकार आहेत. त्यांतला 'डी' नावाचा प्रकार बॉस्टन शहरातले डॉक्टर सिडनी फार्बर यांच्याकडे गेला. हे लहान मुलांच्या कर्करोगाचे मोठे डॉक्टर.

लहान मुलांना मूत्रपिंडाचा, म्हणजे किडनीचा, एक कर्करोग होतो. त्याला विल्म्स यांची गाठ म्हणतात. विल्म्स नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९९ साली त्याचे वर्णन केले होते. हा रोग बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. मूल खेळते, हसते. एके दिवशी आई त्याला अंघोळ घालते, आणि पोटाच्या एका बाजूला तिच्या हाताला गाठ लागते. रोग असा कळतो. पूर्वी ऑपरेशन करून गाठ काढत. पण रोगाचे बी रक्तातून फुफ्फुसात गेलेले असे. पुष्कळ मुले दगावत.

फार्बर यांनी ऑपरेशनला आणि किरणांच्या उपचाराला या तांबड्या औषधाची जोड दिली. फुफ्फुसात पोचलेल्या गाठीसुद्धा काही मुलांत विरघळल्या. त्यांनी १९६० साली हे जगापुढे मांडले. १९६४ साली अमेरिकेच्या सरकारने या औषधाला मंजुरी दिली. आज दुसऱ्या औषधांबरोबर ते जगभर देतात. ऑपरेशन आणि औषधे वेळेवर व पुरी मिळतात, तेथे या रोगाची दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. हीच मुले पुढे मोठी होतात, शाळेत जातात, संसार करतात.

येथे वर्गातल्या एका काकूंनी मला विचारले, "अहो गुरुजी, ते तर विष होतं ना? मग ते बाळाला कसं देतात?"

काकूंनी नेमके विचारले. विष ते आजही आहे. फरक आहे मापाचा आणि जाणकार हाताचा. या औषधाच्या एका कुपीत अर्धा मिलिग्रॅम औषध असते. एका ग्रॅमचे दोन हजार भाग केले, तर त्यातला एक भाग.  डॉक्टर मुलाचे वजन करतात आणि मात्रा हिशेबाने ठरवतात. औषध शिरेतून देतात. शिरेबाहेर सांडले तर मांस जळते. औषध चालू असताना उलट्या होतात, तोंड येते, केस गळतात, रक्त कमी होते. केस पुन्हा येतात. पण हे सगळे इस्पितळात, डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचे काम आहे.

आता मुख्य सांगणे. घरातल्या लहान मुलाच्या पोटात गाठ लागली, पोट एका बाजूला फुगले किंवा लघवीतून रक्त गेले, तर वाट पाहू नका. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. पोट चोळू नका. तेल लावून दाबू नका. "बघू, कसा आहे हा गोळा," म्हणून शेजारणींनी पाळीपाळीने हात लावू नये. दाबल्याने गाठ आत फुटण्याचा धोका असतो. मुलाला उचला आणि मोठ्या इस्पितळात न्या.

तलाठ्याचे दप्तर

हे औषध करते तरी काय? ते कळायला शास्त्रज्ञांना वीस वर्षे लागली. मी तुम्हाला ते आपल्या गावच्या भाषेत सांगतो.

आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. वाडा विटांचा असतो, तसे शरीर पेशींचे. जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पोटात एक दप्तर असते. हाड कसे करायचे, रक्त कसे करायचे, केस कसा करायचा, सगळे त्यात लिहिलेले असते. या दप्तराला डीएनए म्हणतात. आकाराने ते पीळ दिलेल्या दोराच्या शिडीसारखे असते.

तलाठ्याकडे मूळ दप्तर असते. तुम्हाला कर्ज काढायचे झाले, तर तुम्ही मूळ दप्तर उचलून सोसायटीत नेता काय? नाही. तुम्ही उतारा काढता. उतारा दाखवून काम होते. पेशीतही असेच आहे. मूळ दप्तर जागेवर राहते. त्याचा उतारा निघतो. त्या उताऱ्याला आरएनए म्हणतात. उतारा बघून पेशीतले कारागीर काम करतात.

आता समजा, कोणी खोडसाळ माणसाने दप्तराच्या पानांत जागोजाग डिंक घालून पाने चिकटवली. दप्तर फाटले नाही, जळले नाही. पण वाचता येत नाही. मग उतारा निघेल काय? नाही. गावाची कामे थांबतील. ॲक्टिनोमायसिन हेच करते. शिडीच्या पायऱ्यांच्या मध्ये ते जाऊन बसते. मग उतारा काढणाऱ्याला पुढे सरकता येत नाही. न्यूयॉर्कमधले शास्त्रज्ञ एडवर्ड राइश आणि त्यांचे सहकारी यांनी हे १९६१-६२ च्या सुमारास दाखवून दिले.

आता काकूंच्या प्रश्नाचा पुरा उलगडा होतो. जंतू असो, उंदीर असो, माणूस असो, दप्तराची लिपी सर्वांची एकच. म्हणून हे विष सर्वांनाच बाधते. पेनिसिलिनची गोष्ट निराळी. ते जंतूच्या भोवतालचा कूड मोडते. तसला कूड माणसाच्या पेशीला नसतो. म्हणून पेनिसिलिन माणसाला सोसते. आणि कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, त्यांना सारखे उतारे लागतात. म्हणून हे विष त्यांना जास्त बाधते. केसांच्या मुळाशीही भराभर वाढ होते, म्हणून केस गळतात.

मंडळी, तुम्ही नुकते वाचायला शिकला आहात. न वाचता येणे म्हणजे काय, हे तुमच्याइतके कोणाला कळणार? घरात कागद असतो, शिक्का असतो, सगळे लिहिलेले असते. पण वाचता येत नसेल, तर ते असून नसल्यासारखे. पेशीचेही तसेच होते.

खोटा फेरफार

आता ऐका या विषाची सर्वांत नवलाची कामगिरी.

विष काय करते हे एकदा कळल्यावर ते शास्त्रज्ञांच्या हातातले हत्यार झाले. उतारे बंद पाडायचे आणि पुढे काय होते ते पाहायचे. घरात टाकीचे पाणी किती वेळ पुरते, हे कसे कळेल? वरचा नळ बंद करा आणि पाहत बसा. तसेच पेशीत नवे उतारे बंद केले, की जुने उतारे किती वेळ टिकतात ते मोजता येते. प्रयोगशाळांत आजही यासाठी ॲक्टिनोमायसिन वापरतात.

विषाणू म्हणून जे रोगजंतूंहूनही बारीक प्रकार आहेत, त्यांतल्या काहींजवळ मूळ दप्तर नसतेच. नुसता उताराच असतो. पोलिओचा विषाणू असा आहे. त्याला मूळ दप्तराची गरज पडत नाही, म्हणून ॲक्टिनोमायसिनने तो थांबत नाही.

कोंबड्यांना गाठीचा रोग देणारा एक विषाणू आहे. त्याच्याजवळही नुसता उताराच असतो. अमेरिकेत मॅडिसन शहरी हॉवर्ड टेमिन नावाचे तरुण शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करीत होते. १९६३ च्या सुमारास त्यांनी त्या विषाणूने घेरलेल्या पेशींवर ॲक्टिनोमायसिन घातले. सगळ्यांना वाटले, हा विषाणू पोलिओसारखाच चालू राहील. पण तो थांबला!

टेमिन विचारात पडले. मूळ दप्तर चिकटले म्हणून हा थांबतो. मग याचा अर्थ काय? अर्थ एकच. हा विषाणू आपला उतारा उलटा मूळ दप्तरात लिहून घेतो. म्हणजे खोटा फेरफार करतो! एकदा तलाठ्याच्या दप्तरात खोटी नोंद पडली, की पुढचा प्रत्येक उतारा खोटा निघणार. ते निस्तरणे किती अवघड, हे तुम्हाला मी काय सांगावे?

त्या काळी सगळे म्हणत, दप्तरावरून उतारा निघतो, उताऱ्यावरून दप्तर कधी होत नाही. टेमिन यांचे म्हणणे पुष्कळांना पटले नाही. पण ते आपल्या निरीक्षणावर ठाम राहिले. अखेर १९७० साली तो उलटी नोंद करणारा कारकून हाती सापडला. टेमिन यांनी सातोशी मिझुतानी यांच्याबरोबर तो दाखवला, आणि त्याच वेळी डेव्हिड बाल्टिमोर यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. १९७५ साली टेमिन आणि बाल्टिमोर यांना रेनातो दुल्बेको यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

तुम्ही म्हणाल, "कोंबडीच्या गाठीचं आम्हाला काय?" सांगतो. एड्सचा विषाणू १९८३ साली सापडला. तोही असाच खोटा फेरफार करणारा निघाला. त्या कारकुनाची ओळख आधीच झालेली होती, म्हणून त्याचा हात धरून ठेवणारी औषधे लवकर शोधता आली. ती रोज नियमाने घेणारी माणसे आज कामधंदा करून वर्षानुवर्षे जगत आहेत.

आणि २०२० साली कोरोना आला, तेव्हा तुमच्यापैकी कित्येकांच्या नाकात-घशात काडी घालून तपासणी केली. त्या तपासणीला आरटीपीसीआर म्हणतात. कोरोनाच्या विषाणूजवळही नुसता उतारा असतो. प्रयोगशाळेत याच उलट लिहिणाऱ्या कारकुनाला कामाला लावतात. तो उताऱ्याचे दप्तर करतो. मग त्या दप्तराच्या पुष्कळ प्रती काढून विषाणू आहे की नाही ते ओळखतात. चोराच्या कारकुनाला पोलिसांनी आपल्या बाजूला घ्यावे, तसे हे झाले.

कोठे १९४० साली बाजूला ठेवलेले विष, आणि कोठे आपल्या गावच्या नाकातली काडी! मधला धागा असा लांब आहे.

आपल्या इकडची माती

हे सगळे परदेशातच झाले असे नाही. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन केला. तेथे आधी पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. तेथले शास्त्रज्ञ तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका धागेजंतूपासून हॅमायसिन नावाचे बुरशीनाशक औषध काढले. त्या जंतूच्या नावात त्यांनी पिंपरीचे नाव गुंफले. आपल्या मातीतही गुण आहे, पण तो पाहायला शिकलेला डोळा हवा.

काय लक्षात ठेवायचे?

आता मी आवरते घेतो. पण जाता जाता चार गोष्टी सांगतो. त्या घरी जाऊन बायकामुलांना सांगा.

पहिली गोष्ट. मातीतून औषध निघते हे ऐकून जखमेवर माती लावू नका. त्याच मातीत धनुर्वाताचे जंतूही असतात. नवजात बाळाच्या नाळेवर माती, राख, शेण काही लावू नका. जखम साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवा. दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन लागते का ते विचारा. मातीतल्या कोट्यवधी जंतूंतून औषधाचा एक निवडायला शास्त्रज्ञांना वर्षे लागली. ती निवड आपल्या हाताने होत नाही.

दुसरी गोष्ट. साध्या सर्दी-पडशाला प्रतिजैविक लागत नाही, कारण बहुधा ते विषाणूंमुळे होते. दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नका. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

तिसरी गोष्ट. डॉक्टरांनी दिलेले औषध त्यांनी सांगितले तितके दिवस घ्या. क्षयाच्या रोग्याने तर हे फारच पाळावे. स्ट्रेप्टोमायसिन आले तेव्हा रोगी आधी सुधारत आणि काहींचा रोग पुन्हा उलटे. कारण काही चिवट जंतू मागे राहत, ते औषधाला दाद देईनासे होत. इंग्लंडात १९४८ सालीच हे दिसून आले. तेव्हापासून क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे देतात. आज सरकारी दवाखान्यात ही औषधे फुकट मिळतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. तण अर्धे उपटून सोडले तर काय होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

चौथी गोष्ट. वाक्समन यांनी विष म्हणून ते फेकले नाही, आणि औषध म्हणून घाईने वाटलेही नाही. त्याचे नाव, गुण आणि अवगुणही लिहून ठेवले. पुढच्या माणसांनी ते लिहिलेले वाचले. त्यातून मुलांचे प्राण वाचले, नवे ज्ञान मिळाले. लिहून ठेवणारा एक आणि वाचणारा दुसरा, अशीच विद्या पुढे जाते.

तुम्हीही आता वाचणारे झाला आहात. उद्या दवाखान्यातून औषध आणाल, तेव्हा बाटलीवरचे नाव वाचा. तारीख वाचा. किती वेळा घ्यायचे ते वाचा. सगळी औषधे कुलपात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. नाव इंग्रजीत असेल आणि लागत नसेल, तर लाजू नका, परिचारिकेला विचारा.

आणि यंदा मृगाचा पाऊस पडेल, मातीचा वास येईल, तेव्हा ओसरीवर उभे राहून नातवंडांना सांगा, "बाळांनो, हा वास आपल्या शेतातल्या न दिसणाऱ्या गड्यांचा आहे बरं का!"

इतके बोलून मी माझे भाषण पुरे करतो.